घुमट आणि इंजिन
(मंडळाच्या चवथीच्या कार्यक्रमातील भाषण)

आम्ही पेडणे-डिचोलीची माणसं. आरतीस्पर्धेत ऐन रंगात घुमटाचा आवाज बसला, की आपसांतच कुजबुजतो, ‘कोणी मुद्दाम केलं नसेल ना?’ पावसाळी हवेत कातडं सैल पडतं हे ठाऊक असूनही!

फॉर्म्युला वनमध्येही असंच घडलं. लुईस हॅमिल्टन आणि निको रोसबर्ग लहानपणी कार्टिंगमधले दोस्त, पुढे मर्सिडीज संघातले साथी आणि प्रतिस्पर्धीही. २०१६च्या आरंभी संघानं दोघांचे काही मेकॅनिक आपसांत बदलले. २ ऑक्टोबरला मलेशियात हॅमिल्टन आघाडीवर असताना त्याच्या इंजिनानं पेट घेतला. मर्सिडीजची इंजिनं इतर संघांकडेही आहेत, मग माझीच का बिघडतात, असं तो उद्वेगानं विचारता झाला. चाहत्यांत घातपाताची चर्चा सुरू झाली. संघानं तपासलं, तर बेअरिंग निकामी झालेलं. पुढे आपल्या माणसांवर विश्वास असल्याचंही हॅमिल्टननं सांगितलं. विजेतेपद मात्र ५ गुणांनी रोसबर्गकडे गेलं.

यंदा आपलं घुमट बसलं, तर आधी कातडं शेकून पाहू. शेकलेलं कातडं पुन्हा घुमतं. संशयानं दुखावलेला साथी पुन्हा आरतीला उभा राहीलच असं नाही.

गणपती बाप्पा मोरया!