शोकाची सोबत

ज्या घरांत मृत्यु येऊन गेला, त्या घराचा पहिला पंधरवडा फार गजबजलेला असतो. चूल पेटत नाहीं म्हणून शेजारून पिठलें-भात येतो, दूरदूरचे आप्त येऊन उतरतात, दहावें होतें, तेरावें होतें. खानदेशांत गंधमुक्तीचा दिवस येतो. श्रोत्यांपैकीं बहुतेकांनीं ही गजबज अनुभवली असेल, आणि तिच्यामागून येणारी शांतताहि अनुभवली असेल. पाहुणे परततात, सतरंज्या झाडून ठेवल्या जातात, आणि ज्याचें माणूस गेलें तो त्या घरांत प्रथमच एकटा बसतो. खरें दुःख पुष्कळदां त्या दिवशीं सुरू होतें. समुपदेशकाचें कामहि बहुधा तेथूनच सुरू होतें.

समाचाराला येणारा मनुष्य काय बोलतो? ‘रडूं नका, धीर धरा, देवाची इच्छा, काळ हेंच औषध.’ हे शब्द मायेनेंच उच्चारलेले असतात. पण त्यांनीं ऐकणाऱ्याचें तोंड बंद होतें. समुपदेशक याच्या उलट वागतो. तो गेलेल्या माणसाचें नांव विचारतो, तें कसें होतें तें विचारतो, शेवटच्या दिवसाची हकीकत सांगावीशी वाटली तर ती सावकाश ऐकतो; आणि रडूं आलें तर रडूं देतो. दुःख हलकें करणें हा त्याचा पहिला हेतु नसतो. तें एकट्यानें वाहावें लागूं नये, हा असतो.

या कामाला शास्त्राचें रूप येण्यास बराच काळ लागला. १९१७ सालीं फ्रॉइडनें शोक आणि विषादरोग यांतील भेद मांडला: शोकांत जग रितें वाटतें, विषादांत माणूस स्वतःलाच रिता व हीन वाटूं लागतो. १९४२ च्या नोव्हेंबरांत अमेरिकेंतील बोस्टन शहरीं एका रात्रींच्या करमणूकगृहाला आग लागून ४९२ माणसें दगावलीं. त्यांच्या आप्तांपैकीं कित्येकांना पाहून एरिख लिंडेमान या डॉक्टरानें १९४४ सालीं शोकाचीं लक्षणें लिहून ठेवलीं: दीर्घ उसासे, घशाशीं अडकणारा आवंढा, गळून जाणारें अंग, आणि ‘मी अमुक केलें असतें तर’ ही टोचणी. पुढें १९६९ सालीं एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनीं पांच पायऱ्या सांगितल्या, त्या फार लोकप्रिय झाल्या. परंतु त्या मुख्यतः मरणोन्मुख रुग्णांशीं झालेल्या संभाषणांवरून सुचलेल्या होत्या. मागें राहिलेल्यांनीं त्या क्रमानें चढल्याच पाहिजेत, असा नियम नाहीं. आज रडणारा उद्यां हंसेल व परवां पुन्हां रडेल. श्ट्रोबे आणि शूट या संशोधकांनीं १९९९ सालीं हेंच मांडलें, कीं निरोगी शोक हा हेलकावे खातो. कधीं तो गेलेल्याकडे वळतो, कधीं संसाराच्या कामाकडे.

ही विद्या नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत नेली म्हणजे तिची खरी कसोटी लागते. १ जुलै १९९८ रोजीं धुळ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा सातपुड्याच्या दोहों अंगांनीं पसरला आहे. उत्तरेला नर्मदा, दक्षिणेकडे तापी. मध्यें धडगांव-अक्कलकुव्याचे पाडे. १०० पैकीं जवळजवळ ७० माणसें अनुसूचित जमातींचीं. भिली, पावरी, मावची, अहिराणी या त्यांच्या घरच्या बोली. सरदार सरोवराच्या पाण्यानें येथील नर्मदाकांठचीं गांवें उठलीं. २०१९ च्या मकरसंक्रांतीच्या सुमारास धडगांव तालुक्यांत नर्मदेंत यात्रेकरूंची नाव उलटून माणसें बुडालीं. येथें दुःखाचा दुष्काळ कधींच नव्हता. दुष्काळ आहे तो ऐकणाऱ्याचा.

समजा, अशाच एका पाड्यावरची तरुण बाई ऊसतोडीला नवऱ्याबरोबर गुजरातेंत गेली आणि तेथें तिचें तान्हें मूल तापानें गेलें. परत आल्यावर ती कोणाशीं बोलत नाहीं. समुपदेशिका तिच्याजवळ बसते, आणि पुष्कळ वेळानें ती बाई म्हणते, ‘मीच मारलें त्याला.’ या ठिकाणीं अननुभवी माणूस लगेच म्हणेल, ‘छे, छे, असें बोलूं नको.’ जाणती समुपदेशिका म्हणते, ‘ताई, त्या दिवशीं सकाळपासून काय काय झालें, तें मला सांगाल?’ मग हकीकत उलगडते: ताप रात्रीं चढला, मुकादमाची गाडी नव्हती, दवाखाना लांब होता, मूल पदराखालीं घेऊन ती पहांटेपर्यंत बसून राहिली. आपली हकीकत आपल्याच तोंडून ऐकतां ऐकतां तिला कळूं लागतें, कीं त्या रात्रीं जें करणें तिच्या हातीं होतें, तें तिनें केलें होतें.

आल्बर्ट एलिस यांनीं १९५५ च्या सुमारास जी विवेकनिष्ठ उपचारपद्धति मांडली, तिचें मर्म येथें आहे. मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनीं ती भारतांत रुजविली. १९९० सालीं ठाण्यांत डॉ. आनंद नाडकर्णी यांनीं उभारलेल्या मानसिक आरोग्य संस्थेनें तिचा मराठींतून प्रसार केला. दुःख आणि आत्मधिक्कार या दोन गोष्टी भिन्न होत, असें ती सांगते. मूल गेल्याचें दुःख योग्यच आहे. तें काढून टाकावयाचें नाहीं. ‘मी पापी, मला जगण्याचा अधिकार नाहीं’ ही मात्र दुःखावर बसलेली बुरशी होय, आणि ती विवेकानें खरवडतां येते. पण हें खरवडणें वेळ पाहून करावयाचें असतें. अश्रु वाळण्याआधीं युक्तिवाद सुरू केला, तर तो उपचार न राहतां उपदेश होतो.

आणखी एक पथ्य त्याहून महत्त्वाचें. रस्ता नव्हता, गाडी नव्हती, डॉक्टर नव्हता, म्हणून मूल गेलें असेल, तर ‘तुमचा विचार बदला’ असें त्या आईला सांगणें हा क्रूरपणा होईल. तिचा राग खरा आहे. समुपदेशनानें तो राग विझवूं नये; तो तिच्या स्वतःवर उलटणार नाहीं, इतकेंच पाहावें. मनाचा वैद्य हा रस्त्याला पर्याय नव्हे.

शोक आणि आजार यांतील सीमाहि ओळखावी लागते. बहुतेक माणसें आप्तेष्टांच्या आधारानेंच सावरतात. मात्र सहा महिने, वर्ष उलटूनहि जीव त्याच क्षणीं अडकून राहिला, खाणें, झोंप, काम सुटलें, तर तज्ज्ञाकडे नेलें पाहिजे. आणि मरणाची भाषा सुरू झाली, तर एक दिवसहि थांबूं नये. २०२२ च्या ऑक्टोबरांत सुरू झालेली ‘टेली-मानस’ ही सरकारी दूरध्वनिसेवा १४४१६ या क्रमांकावर मराठींतूनहि मिळते.

परंतु पाड्यापाड्यावर तज्ज्ञ कोठून आणावयाचे? याचें एक उत्तर शेजारच्या गोव्यानें दिलें आहे. तेथें १९९६ सालीं स्थापन झालेल्या ‘संगत’ या संस्थेनें वैद्यकीय पदवी नसलेल्या स्थानिक लोकांनाच समुपदेशन शिकविलें. २४ दवाखान्यांत केलेल्या या प्रयोगाचा निष्कर्ष २०१० सालीं प्रसिद्ध झाला. सरकारी केंद्रांत चिंता व विषाद यांनीं पीडलेल्यांपैकीं या मदतीनें सहा महिन्यांत शेंकडा सुमारें ६६ बरे झाले; नेहमींच्या उपचारांनीं सुमारें ४३. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाहीं. प्रयोग केवळ शोकाविषयीं नव्हता. तरी आपल्याच बोलींत धीमेपणानें ऐकणारें माणूस, योग्य शिक्षण आणि देखरेख मिळाली तर, मोठें काम करूं शकतें, हें त्यानें दाखविलें. पावरी बोलणारी आशाताई शोकाकुल आईच्या ओसरीवर बसली, तर शहरांतील पंडितापेक्षां तिला कमी भाषांतर करावें लागेल.

शहरांतील सुशिक्षित घरांनाहि यांतून घेण्यासारखें कांहीं आहे. समाचाराला पहिल्या दिवशीं सारेच जातात. चाळिसाव्या दिवशीं जाणारा विरळा. गेलेल्याचा वाढदिवस, पहिली दिवाळी, पहिली पुण्यतिथि हे दिवस घरांतील माणूस कोणाला न सांगतां मोजीत असतो. त्या दिवशीं दार वाजवावें, गेलेल्याचें नांव मोकळेपणीं घ्यावें, आणि उपदेशाचा शब्द मनांतच ठेवून घटकाभर बसावें. समुपदेशक जें शिकून करतो, त्याचा निम्मा भाग एवढाच आहे. आणि तो कोणाहि शेजाऱ्याला करतां येतो.