समुपदेशकाच्या खोलीतील पहिले काही दिवस
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



शिक्षकाला बोलावयास उभे केले की तो अभ्यास कसा करावा यावर बोलणार, असे आपण गृहीत धरून बसलेले असता. आज मी अभ्यासावर बोलणार नाही. दहावी-बारावीच्या वर्गांवर शिकविणाऱ्या माणसाला एक गोष्ट दरवर्षी दिसते. हुशार मुलगा पेपरात अर्धे वाक्य लिहून थांबतो. एखादी मुलगी डबा उघडतच नाही, तसाच घरी परत नेते. पालकांना बोलावून घेतले तर वडील हळूच विचारतात, "सर, याला कोणाला तरी दाखवू का?" कोणाला दाखवावयाचे आणि दाखविल्यावर त्या बंद दाराआड काय होते, हे मात्र त्यांना कोणी सांगितलेले नसते. म्हणून पहिल्या भेटीनंतरच कितीतरी मुले जाणे सोडून देतात. आजचा विषय तेवढाच आहे.

प्रथम जागेविषयी. ठाण्यातील प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ सालचे आहे. राज्यातील अशा चार शासकीय रुग्णालयांपैकी ते एक. बाकीची तीन पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे आहेत. आपल्या बोलण्यात ठाण्याचे नाव थट्टेत येते, "याला ठाण्याला न्या" म्हणतात. वर्गात हे वाक्य ऐकू आले की मी तेथेच थांबवितो, कारण ऐकणाऱ्या चाळीस मुलांपैकी एखाद्याच्या घरचे माणूस तेथे औषध घेत असू शकते. तेथे बाह्यरुग्ण विभागही आहे; माणूस सकाळी जातो आणि दुपारी घरी येतो. याच ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था स्थापन केली. मनाच्या दुखण्यावर मराठीत, चारचौघांत, न लाजता बोलता येते, हे या भागाला दाखविण्यात तिचा वाटा मोठा आहे. आता कल्याण-डोंबिवलीतही समुपदेशकांच्या पाट्या दिसतात.

पण पाटी वाचताना शब्द नीट वाचावा. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे डॉक्टर, एम.बी.बी.एस. नंतर त्या विषयात एम.डी. किंवा पदविका घेतलेला. गोळी तोच लिहून देऊ शकतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ हा बोलून उपचार करतो, चाचण्या घेतो, आणि त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते. समुपदेशक हा शब्द मात्र कोणीही पाटीवर लिहितो. म्हणून शिक्षण कोठे झाले, किती वर्षे काम केले, अडल्यास कोणा ज्येष्ठाचा सल्ला घेता काय, हे तीन प्रश्न बेधडक विचारावेत. चांगला माणूस रागावत नाही. रागावला तर उत्तर मिळालेच.

आता पहिली भेट. साधारणपणे पाऊण तासाची असते. आधी एक अर्ज भरून घेतात आणि फी, वेळ, न आल्यास काय, हे सांगतात. नंतर प्रश्न सुरू होतात. झोप कशी, भूक कशी, घरात कोण कोण, पूर्वी काही आजार, काही गोळ्या, शाळेत कोणाशी बोलणे होते. आपल्या माणसांना वाटते, मी छातीवरचे ओझे सांगावयास आलो आणि हे जेवणाबद्दल विचारतात! पण वैद्य नाडी पाहतो तसेच हे आहे. एक प्रश्न तर सरळच विचारतील, "जगणे नकोसे वाटते काय? स्वतःला इजा करावी असे मनात येते काय?" आईबाप हे ऐकून दचकतात, नसता विचार मुलाच्या डोक्यात भरला म्हणून भांडतात. असे विचारल्याने तो विचार उत्पन्न होत नाही. उलट ज्याच्या मनात तो आहे त्याला प्रथमच कोणीतरी मोकळी वाट दिलेली असते.

विद्यार्थी मित्रांनो, त्या दिवशी सर्व काही सांगितलेच पाहिजे असे नाही. "हे आज नको" एवढे म्हणणे पुरेसे आहे. ही तोंडी परीक्षा नव्हे. काय बोलावे सुचले नाही तर तेही बोलण्यासारखेच आहे. मध्येच शांतता पसरेल, समोरची व्यक्ती ती लगेच भरून काढणार नाही. रडू आले तर येऊ द्यावे. घरी येताना हलके वाटेलच असे नाही. पुष्कळांना त्या रात्री जास्त जड वाटते, आपण फार बोलून गेलो अशी चुटपुट लागते. जखम धुताना झोंबते, तसे ते असते. पुढच्या भेटीत हीच गोष्ट प्रथम सांगावी. मात्र जीव नकोसा वाटू लागला तर पुढच्या भेटीची वाट पाहू नये, त्याच वेळी घरातल्या कोणाला तरी उठवावे.

आणखी एक तक्रार नेहमी ऐकतो, "त्या बाई काही सांगतच नाहीत, नुसते विचारतात." आपल्याला वडीलधाऱ्यांकडून उपदेश घेण्याची सवय असते. येथे उपदेश कमी आणि काम जास्त. काही जण घरी करावयास काही देतात. कोणता विचार आला, त्यानंतर काय वाटले, मग काय केले, हे वहीत लिहून आणावयाचे. या पद्धतीच्या मागे अमेरिकेतील अल्बर्ट एलिस आणि एरन बेक यांचे १९५० व १९६० च्या दशकांतील काम आहे. एलिस यांची विचारपद्धती मराठीत पुष्कळ रुजली आहे. सूत्र साधे आहे, पण अंगी बाणवणे अवघड. "गणितात नापास झालो" ही घटना, आणि "म्हणून मी कुचकामी" हा आपण तिला जोडलेला विचार. मन पोळते ते बहुधा या दुसऱ्याने.

आता पालकांसाठी दोन शब्द, आणि ते थोडे कठोर वाटतील.

दारातून मूल बाहेर येताच आपण विचारतो, "काय बोललास? आमच्याविषयी काय सांगितलेस?" कल्याणच्या गाडीत बसेपर्यंतही आपल्याला धीर धरवत नाही. मूल काहीतरी सांगून सुटका करून घेते आणि पुढच्या खेपेला त्या खोलीतही जपून बोलते. येथे उपचार संपला म्हणून समजा, पैसे आणि शनिवार मात्र खर्च होत राहतील. अठरा वर्षांखालील मुलाच्या उपचाराला आपली संमती लागते, हे खरे. परंतु संमती देणे म्हणजे प्रत्येक शब्दाचा हिशेब मागणे नव्हे. पहिल्याच भेटीत तिघांनी बसून ठरवून घ्यावे की पालकांना काय कळविले जाईल आणि काय नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने, जो २९ मे २०१८ पासून लागू झाला, उपचार घेणाऱ्याची माहिती गुप्त राखण्याचा हक्क मान्य केला आहे. त्याला अपवाद आहेत. कोणाच्या जिवाला धोका असेल तर समुपदेशक गप्प बसणार नाही. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळविणे त्याला भागच आहे. हे अपवाद मुलालाही आधीच सांगितलेले असावेत; मागाहून कळले तर त्याला फसविल्यासारखे वाटते.

आपल्या घरांतून एक शंका हमखास निघते. घरातील उणीदुणी परक्यापुढे काढणे ही गीबत नव्हे काय? मी आलिम नव्हे, शाळामास्तर आहे. परंतु इमाम नववी यांनी 'रियाजुस्सालिहीन' मध्ये ज्या प्रसंगी दुसऱ्याविषयी असे बोलणे क्षम्य ठरते ते प्रसंग मोजून दिले आहेत, त्यांत अन्यायाची दाद मागणे आणि मदत मागणे हे येतात. अधिक खुलासा आपल्या आलिमांकडून जरूर घ्यावा. दुसरी शंका अशी की हे सारे पाश्चात्त्यांचे खूळ आहे. बल्खचे अबू जैद अल-बल्खी इ.स. ९३४ मध्ये वारले. शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर त्यांनी एकच ग्रंथ लिहिला, त्यात दुःखाचे दोन प्रकार केले. एकाचे कारण माहीत असते, दुसऱ्याचे कळत नाही आणि त्याचे मूळ शरीरात शोधावे लागते. निरोगी असतानाच चांगले विचार साठवून ठेवावेत, जसे आपण औषध घरात ठेवतो, असेही ते सांगतात. हजार वर्षांपूर्वीचे हे शहाणपण आपलेच आहे. दुआ करावी, नमाज पढावी, त्याने धीर येतो. पण गोळ्या बंद करा असे सांगणारा तावीजवाला असो, की श्रद्धेची टिंगल करणारा समुपदेशक असो, दोघांपासूनही मूल दूर ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

भाषेची अडचण याहून मोठी आहे आणि तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. मुंब्रा-कौसा, भिवंडी, कल्याण येथील आपल्या घरांत कोठे उर्दू, कोठे कोकणी, शाळेत मराठी वा इंग्रजी. मुलगी म्हणते, "जी घबराता है, दिल बैठा जाता है." ऐकणाऱ्याला ती बोली ठाऊक नसेल तर तो हृदयाची तपासणी लिहून देईल. आई पुष्कळदा दुभाषी होऊन सोबत बसते. तिचा हेतू चांगला, परंतु मग मुलीने आईविषयी बोलावे कसे? म्हणून वेळ ठरवितानाच विचारावे की आमच्या भाषेत बोलणारे कोणी आहे काय. ज्या भाषेत आपण रागावतो आणि रडतो त्या भाषेत बोलावयास मिळावे. मुलीला स्त्री समुपदेशक हवी असेल तर तेही आधी सांगावे. यात संकोच कसला?

कधी समुपदेशक बदलतो. शिकाऊ उमेदवाराचा काळ संपतो, कोणी परगावी जाते, आपणच डोंबिवलीहून मुंब्र्याला बिऱ्हाड हलवितो. मोठ्या रुग्णालयात दर खेपेस निराळे डॉक्टर भेटतात. मग मूल म्हणते, "पुन्हा पहिल्यापासून सांगायचे? मला नाही जायचे." हा कंटाळा खरा आहे, त्याला आळस म्हणू नये. एका माणसावर विश्वास टाकला आणि तो माणूस गेला, याचेही दुःख असते. नव्या व्यक्तीला तेच प्रथम सांगावे. जुन्याकडून शक्य तर एक पानभर टिपण लिहून घ्यावे. कशासाठी येत होतो, काय केले, कशाचा उपयोग झाला, कोणत्या गोळ्या चालू आहेत. ते मुलाला वाचून दाखवावे आणि त्याच्या परवानगीने नव्याच्या हाती द्यावे. नवा माणूस जुन्यासारखा बोलणार नाही. एक ऐकत राहणारा असतो, दुसरा फळ्यावर आकृती काढणारा. पहिल्याच भेटीत तुलना करून निकाल देऊ नये.

किती भेटी द्याव्यात? तीन-चार तरी. तोवर एकच गोष्ट मुलाने स्वतःशी तपासावी: मी जे सांगतो ते या व्यक्तीपर्यंत पोहोचते काय? उपचाराची पद्धत कोणती यापेक्षा हे नाते जुळणे फार महत्त्वाचे आहे, असे या क्षेत्रातील संशोधन वारंवार सांगत आले आहे. नाही जुळले तर न सांगता गैरहजर राहू नये. "मला दुसऱ्या कोणाकडे जावेसे वाटते" असे तोंडावर सांगावे. पुष्कळदा समुपदेशक स्वतःच दुसरे नाव सुचवितो. मात्र अपमान झाला, धमकी मिळाली, नको तो स्पर्श झाला, तर चार भेटींचा हा हिशेब लागू नाही. त्याच क्षणी उठावे आणि घरी सांगावे. आईबापांनी अशा वेळी मुलावर आधी विश्वास ठेवावा, चौकशी मागाहून करावी.

खर्चाचे म्हणाल तर खासगी फी दर आठवड्याला परवडणारी नसते, हे मी जाणतो. फी कमी होईल काय हे विचारण्यात लाज नाही. शासकीय रुग्णालये आहेतच. शिवाय १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारने टेली-मानस ही दूरध्वनी सेवा सुरू केली. क्रमांक १४४१६. पैसे पडत नाहीत, मराठीत व हिंदीत बोलता येते, रात्री-अपरात्रीही. हा क्रमांक वहीच्या शेवटच्या पानावर आताच लिहून घ्या, मी थांबतो.

(भाषणानंतर एका पालकांनी विचारले, "हे शाळेत कळले तर मुलाच्या दाखल्यावर काही येईल काय?" त्यांना दिलेले उत्तर असे: शाळा सोडल्याच्या दाखल्यावर उपचाराची नोंद करण्यासाठी रकानाच नाही. बाहेरचा समुपदेशक आपल्या परवानगीशिवाय शाळेला पत्र लिहीत नाही. शाळेतील समुपदेशकाची गोष्ट थोडी वेगळी आहे; तो शाळेचा नोकर असतो, म्हणून तो मुख्याध्यापकांना काय सांगतो हे त्यालाच पहिल्या दिवशी विचारावे. परीक्षेत सवलत हवी असेल तर मात्र डॉक्टरांचा दाखला लागतो, आणि तो मागावयाचा की नाही हे पालकांनी मुलाला विचारून ठरवावे.)