विद्यार्थिदशेतील सत्संग
(मठाच्या वर्धापनोत्सवातील व्याख्यान)



मठाच्या उत्सवास जमणाऱ्या समुदायाकडे दृष्टी टाकली म्हणजे एक गोष्ट सहज ध्यानात येते. आजोबा-आजी येतात, आईवडील येतात, शाळेत जाणारी बालके प्रसादाच्या पंगतीत आनंदाने मिरवतात. परंतु १७ पासून २२ वर्षांपर्यंतची मुले त्या मानाने थोडी असतात. ती पुण्यास, बेळगावास, बडोद्यास, हैदराबादेस कॉलेजात गेलेली असतात. घरचा देव्हारा, तिन्हीसांजेचा दिवा आणि आजीच्या तोंडची स्तोत्रे ही त्यांच्यापासून प्रथमच दूर पडलेली असतात. घरी असताना श्रद्धा ही वाड्याच्या भिंतीसारखी असते. ती आपण बांधलेली नसते, तरी तिचा आसरा मिळतो. वसतिगृहाच्या खोलीत तो आसरा नाही. तेथे ज्याची श्रद्धा त्यानेच उभारावयाची, आणि एकट्याने ते काम बहुधा होत नाही. मग ते कोणाच्या साह्याने व्हावे? या प्रश्नाचा विचार करण्यासाठी दूरदेशीची एक कथा उपयोगी पडण्यासारखी आहे. ती ख्रिस्ती धर्मातील आहे. परंतु तरुण मनाची तळमळ सर्व धर्मांत सारखीच असते, आणि गुण जेथे दिसेल तेथून घ्यावा ही आपली जुनी रीत आहे.

ही कथा इंग्लंडातील ऑक्सफर्ड विद्यापीठाची असून तिचा आरंभ १७२९ साली होतो. त्या काळचे ऑक्सफर्ड बाह्यतः धर्मपीठच होते. प्रत्येक कॉलेजास स्वतःचे प्रार्थनामंदिर असे, अध्यापकांपैकी बहुतेकांनी धर्मोपदेशकाची दीक्षा घेतलेली असे, आणि विद्यार्थ्यास प्रवेश घेतानाच राष्ट्रीय चर्चच्या धर्ममतांवर सही करावी लागे. असे असूनही पुष्कळांच्या लेखी धर्म हा केवळ उपचार होऊन बसला होता. घंटा झाली की प्रार्थनेस जावे आणि ती संपली की चैनीकडे वळावे, असा क्रम होता. धर्माची व्यवस्था सर्व होती. धर्माची आस मात्र थोड्यांस होती.

अशा ठिकाणी क्राइस्ट चर्च कॉलेजात चार्ल्स वेस्ली नावाचा तरुण १७२६ साली आला. त्याचे वडील सॅम्युएल हे एप्वर्थ गावचे धर्मगुरू. आई सुझॅना हिने आपल्या मुलांना स्वतः शिकविले. आठवड्यातील एकेक संध्याकाळ एकेका मुलासाठी राखून ती त्याच्याशी एकांतात धर्माविषयी बोलत असे. इतके संस्कार घेऊन आलेल्या चार्ल्सचे पहिले वर्ष मात्र करमणुकीत गेले. वडील बंधू जॉन याने धर्माचा विषय काढला की, एकदम संत व्हावे असे तुला वाटते की काय, अशा अर्थाचे उत्तर तो देई. आईबापांनी येथे धीर धरण्यासारखे आहे. चांगल्या घरचा मुलगा पहिल्या वर्षी भरकटला म्हणजे पेरलेले सर्व वाया गेले असे समजू नये.

पुढे चार्ल्सचे मन आपसूक अभ्यासाकडे व उपासनेकडे वळले. १७२९ साली त्याने दोघा-तिघा मित्रांना बरोबर घेतले. त्यांत विल्यम मॉर्गन नावाचा आयर्लंडचा एक विद्यार्थी होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात जॉन हा लिंकन कॉलेजातील अध्यापनासाठी ऑक्सफर्डास परतला, आणि मंडळाचे नेतृत्व साहजिकच त्याच्याकडे आले. जॉनचे वय त्या वेळी २६ वर्षांचे होते.

मंडळाचा क्रम साधा होता. संध्याकाळी एकाच्या खोलीत सर्वांनी जमावे, मूळ ग्रीक भाषेतील नवा करार वाचावा, दिवसभरात काय चुकले हे स्वतःशी तपासावे आणि प्रार्थना करावी. बुधवारी व शुक्रवारी उपवास, दर आठवड्यास प्रभुभोजनाचा संस्कार. या काटेकोर वागण्याची विद्यापीठात थट्टा झाली नसती तरच नवल! कोणी त्यांस ‘होली क्लब’ म्हणजे पवित्र मंडळ म्हणू लागले, कोणी ग्रंथातील कसर म्हणू लागले, आणि कोणी ‘मेथडिस्ट’ म्हणजे पद्धतबाज हे नाव ठेवले. बेळगाव, हैदराबाद, बडोदे येथे ज्या ख्रिस्ती मंदिरांवर मेथडिस्ट हा शब्द वाचावयास मिळतो, तो मुळात विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांना ठेवलेल्या टोपणनावाचाच होय. टवाळीचे नाव त्यांनी पुढे सन्मानाने धारण केले.

परंतु खोलीतील वाचनावरच हे मंडळ थांबले असते, तर त्याचे नाव आज कोणास ठाऊक असते? त्याला बाहेर काढले ते मॉर्गनने. ऑक्सफर्डच्या किल्ल्यातील तुरुंगात तो एका देहदंडाच्या कैद्यास भेटण्यास गेला होता. तेथे कर्जापायी कोंडलेल्या लोकांशीही त्याचे बोलणे झाले, आणि त्यांची स्थिती पाहून त्याने मित्रांकडे सारखा आग्रह धरला की, आपण सर्वांनी तेथे गेले पाहिजे. २४ ऑगस्ट १७३० रोजी वेस्ली बंधू त्याच्यासह प्रथम त्या तुरुंगात गेले. वृद्ध पित्याचा सल्ला विचारला तेव्हा त्याने आनंदाने संमती दिली. आपल्या विद्यार्थिदशेत तोही ऑक्सफर्डच्या कैद्यांना भेटत असे. मग तुरुंगाच्या फेऱ्या नित्याच्या झाल्या. कैद्यांसाठी प्रार्थना, कर्जदारांच्या सुटकेची खटपट, गरिबांच्या मुलांना अक्षरओळख, आजाऱ्यांची विचारपूस, ही कामे वाढत गेली. यासाठी पैसा कोठून येई? जॉनने एक नियम केला होता. एका वर्षी त्याची प्राप्ती ३० पौंड होती. २८ पौंडांत त्याने निर्वाह केला व २ पौंड दान दिले. पुढील वर्षी प्राप्ती ६० पौंड झाली, तरी निर्वाह २८ पौंडांतच ठेवून त्याने ३२ पौंड दिले. प्राप्ती वाढली म्हणून गरजा वाढू द्यावयाच्या नाहीत, हा तो नियम.

आता या कथेतील दुःखाचा भाग सांगितला पाहिजे, कारण तो झाकून ठेवला तर बोध अपुरा राहील. मॉर्गनची प्रकृती ढासळली, आणि ऑगस्ट १७३२ मध्ये डब्लिन येथे त्याचा अंत झाला. अति उपवासामुळेच तो गेला व त्याचा दोष वेस्लींकडे आहे, असा बोभाटा उठला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात एका वृत्तपत्राने या मंडळावर कडक टीका छापली. जॉनने मॉर्गनच्या पित्यास सविस्तर पत्र लिहून मंडळाचा सारा आचार उघड मांडला आणि, विल्यमने उपवास तर दीड वर्षापूर्वीच सोडले होते, हेही कळविले. पुत्रशोकाने व्याकुळ झालेल्या त्या पित्याने पुढे काय करावे? त्याने आपला दुसरा मुलगा रिचर्ड यास १७३३ साली लिंकन कॉलेजात जॉन वेस्लीच्याच हाताखाली शिकावयास पाठविले! प्रामाणिकपणे सांगितलेल्या सत्याचे सामर्थ्य याहून अधिक ते काय सांगावे?

याच सुमारास मंडळात आणखी एक तरुण आला. जॉर्ज व्हिटफील्ड हा ग्लॉस्टर गावच्या एका खाणावळवालीचा मुलगा. वडील तो दोन वर्षांचा असतानाच वारले होते. १७३२ साली पेंब्रोक कॉलेजात तो सेवक-विद्यार्थी म्हणून दाखल झाला. म्हणजे श्रीमंत विद्यार्थ्यांची कामे करावी आणि त्या बदल्यात शिक्षण घ्यावे. होली क्लबची मंडळी थट्टा सोशीत प्रार्थनेस जाताना तो दुरून पाही. त्यांच्यात मिसळावे अशी त्यास फार उत्कंठा होती. परंतु आपण गरीब, हलकी कामे करणारे, या संकोचाने त्याचे पाऊल पुढे पडेना. एके दिवशी दरिद्रीगृहातील एका बाईने जीव देण्याचा प्रयत्न केल्याचे त्याच्या कानी आले. तिला धीर देण्यास चार्ल्स वेस्ली जाईल अशी त्याची खात्री होती. त्याने कॉलेजात सफरचंदे विकणाऱ्या बाईकरवी निरोप धाडला व आपले नाव सांगू नको असे तिला बजावले. तिने नाव सांगितले. चार्ल्सने काय केले? त्याने त्या मुलास दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्याकडे न्याहारीस बोलाविले.

सज्जनहो, त्या न्याहारीपाशी क्षणभर थांबण्यासारखे आहे. चार्ल्सने प्रवचन केले नाही, की धर्ममताची परीक्षा घेतली नाही. एका लाजाळू, परक्या, निर्धन विद्यार्थ्यास त्याने आपल्या टेबलाशी बसविले आणि वाचावयास पुस्तके दिली. पुढे ज्याच्या वाणीने इंग्लंड व अमेरिका हालवून सोडली, त्या व्हिटफील्डचा सत्संग येथून सुरू झाला. सत्संगाचे दार पुष्कळदा इतके साधे असते.

तरीही शांती लगेच मिळाली नाही. व्हिटफील्डने देहदंडाचा अतिरेक केला आणि १७३५ साली तो अंथरुणास खिळला. कित्येक आठवड्यांच्या दुखण्यानंतर, आपल्या प्रयत्नांनी काही होत नाही, सर्व भार ईश्वरावरच टाकला पाहिजे, हे उमगून त्याच्या मनावरचे ओझे उतरले. जॉनला तर याहून दीर्घ काळ वाट पाहावी लागली. १७३५ च्या अखेरीस वेस्ली बंधू अमेरिकेतील जॉर्जिया वसाहतीकडे निघाले. जानेवारी १७३६ मध्ये समुद्रात भयंकर तुफान झाले. इंग्रज उतारू किंचाळत असताना जर्मन मोरेव्हियन पंथाची कुटुंबे, बायकामुलांसह, शांतपणे स्तोत्र गात राहिली. ते पाहून जॉन मनात चरकला. सहा वर्षे नियम, उपवास, दान, तुरुंगसेवा केलेल्या आपणास मरणाचे भय वाटते, आणि या साध्या माणसांस ते वाटत नाही! जॉर्जियातील कार्यही फसले, आणि १७३८ साली तो खिन्न होऊन परतला. अखेर २४ मे १७३८ रोजी संध्याकाळी लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरील एका छोट्या मंडळीत, काहीशा अनिच्छेनेच तो जाऊन बसला. तेथे मार्टिन ल्यूथरच्या एका प्रस्तावनेचे वाचन चालले असता त्याच्या अंतःकरणात विश्वासाची ऊब प्रथमच दाटून आली. चार्ल्सला तोच अनुभव तीन दिवस आधी आला होता.

यावरून नियम व्यर्थ होते असे अनुमान काढू नये. शेत नांगरून ठेवणे हे कुणब्याच्या हाती आहे, पाऊस पाडणे त्याच्या हाती नाही. पण न नांगरलेल्या शेतावर पाऊस पडला तर तो वाहूनच जावयाचा. नियम ही नांगरट आणि कृपा हा पाऊस. एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. जॉनला कृपेचा अनुभव आला तोही एकांतात नव्हे, दहा माणसांच्या संगतीतच आला.

ही संगतीची महती ओळखूनच पुढचे कार्य उभे राहिले. १७३९ साली व्हिटफील्डने ब्रिस्टलजवळ कोळशाच्या खाणीतील मजुरांपुढे उघड्यावर उपदेश सुरू केला व जॉनलाही बोलाविले. ब्रिस्टल येथे सभागृह बांधताना कर्ज झाले. १७४२ साली असे ठरले की, प्रत्येकाने आठवड्यास एक पेनी द्यावी, सुमारे १२ जणांचा गट करावा व गटप्रमुखाने ती गोळा करावी. ज्याला देणे जमणार नाही त्याची पेनी प्रमुखाने भरावी. प्रमुख घरोघर जाऊ लागला तेव्हा कोणाच्या घरी आजार आहे, कोण व्यसनात पडला आहे, कोणाचे मन खचले आहे, हे कळू लागले. वर्गणीच्या निमित्ताने निघालेली ही व्यवस्था परस्परांची काळजी वाहणारी व्यवस्था झाली. वारीतील दिंडीत जसा प्रत्येकजण दुसऱ्यास ओळखतो व मागे राहिलेल्यासाठी थांबतो, तसेच हे होते. जॉन वेस्ली २ मार्च १७९१ रोजी वयाच्या ८७ व्या वर्षी वारला. तोवर चौघा मित्रांच्या खोलीतील मंडळाचा विस्तार हजारो कुटुंबांपर्यंत झाला होता. पुढे १९१३ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात, घरापासून दूर शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ‘वेस्ली फाउंडेशन’ ही संस्था निघाली, आणि तिच्या धर्तीवर इतर विद्यापीठांतूनही तशीच केंद्रे झाली. ज्याचा उगम एका कॉलेजातील खोलीत झाला, तो ओघ फिरून कॉलेजांकडेच आला.

या कथेतून मठाच्या भक्तांनी काय घ्यावे? शिकावयास गेलेल्या मुलास पत्रातून केवळ नियमांची आठवण देऊन भागत नाही. त्याला त्या गावी चार समानशील सोबती मिळतील अशी तजवीज करावी. त्या सोबत्यांच्या हाती काही सेवा असावी, कारण सेवेवाचून सत्संग हा गप्पांचा अड्डा होतो. उत्साहाच्या भरात कोणी देह झिजवू लागला तर वडीलधाऱ्याने प्रेमाने हात धरावा. मन संशयात पडले तर रागावू नये. जॉन वेस्लीसारख्यालाही नऊ वर्षे वाट पाहावी लागली.

आणि ज्या भक्तांची घरे अशा विद्येच्या गावी आहेत, त्यांच्याकडे तर एक लहानसे काम आहे. त्यांच्या आळीतल्या खोलीवर एखादा परगावचा मुलगा किंवा मुलगी राहात असेल. संकोचाने ते स्वतः होऊन येणार नाही. त्याचे नाव कोणाकडून तरी कळेल, आणि मग रविवारी सकाळी त्यास पोह्यांच्या बशीवर बोलवावे. पुढचे कार्य श्रीगुरूंचे आहे.