एकच फिल्म, तीन आकार

कॉलेजात मी मराठी शिकवतो. पण रविवारी दुपारी आमचं न्हाणीघर माझी डार्करूम होतं. त्यामुळे ओळखीची मंडळी हमखास विचारतात, "कृष्णधवल फोटोसाठी फिल्म कोणती चांगली हो?" मी उलट विचारतो, "कॅमेरा कोणता?" पुष्कळांना ही टाळाटाळ वाटते. ती तशी का नव्हे, ते आज सांगायचं आहे.

फिल्मवर जिलेटिनचा पातळ लेप असतो व त्यात चांदीच्या क्षाराचे बारीक कण असतात. फिल्म धुतली, की प्रकाश पडलेल्या कणांची काळी चांदी होते. आपण ज्याला 'दाणा' म्हणतो, तो तिच्यातूनच दिसतो. आता इल्फर्डची एचपी-५ प्लस घ्या. ४०० वेगाची ही फिल्म पस्तीस मिलिमीटरमध्ये मिळते, पाठीला कागद असलेल्या १२० च्या रोलमध्ये मिळते आणि ४ बाय ५ इंची सुट्या तावांतही मिळते. खालचा पाया कमीअधिक जाडीचा असतो, एवढंच. दाणा तिन्हीकडे सारखा.

मग फरक पडतो कुठे? प्रत मोठी करताना. पस्तीस मिलिमीटरची चौकट २४ बाय ३६ मिलिमीटरची. तिच्यावरून ८ बाय १० इंची प्रत काढायची तर चित्र साडेआठ पट मोठं करावं लागतं. १२० च्या चौरस निगेटिव्हची बाजू सुमारे ५६ मिलिमीटर; तिथे साडेचार पट पुरतं. तावाला अवघं दुप्पट. दाणा तोच, पण पहिल्या प्रतीत तो कपाळावर रवा सांडावा तसा दिसतो आणि तिसरीत शोधूनही सापडत नाही. धुळीचा कण आणि ओरखडा यांचंही तसंच. म्हणून दोन फिल्मांची तुलना निगेटिव्ह शेजारी ठेवून करू नये. एकाच मापाच्या प्रती शेजारी ठेवून करावी. माझ्या डोळ्यांना तर १२० मधली ४०० ची फिल्म पस्तीसमधल्या १२५ च्या एफपी-४ प्लसहून नितळ वाटते.

नावावरही विसंबू नये बरं का! कोडॅकची ट्राय-एक्स रोलमध्ये घ्याल ती ४०० वेगाची, तावात घ्याल ती ३२० ची, आणि उजेड-सावल्या टिपण्याची दोघींची रीत निराळी. आडनाव एक, घरं दोन.

तर मग सर्वांनी मोठाच कॅमेरा घ्यावा का? तसंही नाही. पस्तीस मिलिमीटरला ५० ची, दोन अ‍ॅपर्चरची लेन्स सहज मिळते. तावाच्या कॅमेऱ्याची नेहमीची लेन्स १५० ची आणि तिचं मोठ्यात मोठं अ‍ॅपर्चर बहुधा ५.६ चं. म्हणजे प्रकाश आठव्या हिश्शाने येतो, शिवाय तिपाई हवी. लग्नाच्या मांडवात छत्तीस फोटो देणारा लहान कॅमेराच कामाचा.

हे सारं मला ठाऊक होतं, तरी मी फसलो. २०११ साली घरच्या एका कार्यात वीस माणसांचा एकत्र फोटो मी पस्तीस मिलिमीटरवर, ४०० च्या फिल्मवर काढला. पुढे आई गेली. तिचा एकटीचा बरा फोटो घरात निघेना, तेव्हा या निगेटिव्हवरून तिचा चेहरा मोठा करायला बसलो. भिंगाखाली पट्टी धरली. चेहरा जेमतेम दीड मिलिमीटर! आठ सेंटिमीटरचा करायचा म्हणजे पन्नास पटींहून अधिक. कागदावर दाणे उतरले, डोळे काही उतरले नाहीत.

त्याच पेटीत आजीचं निगेटिव्ह होतं. वडिलांनी आगफा क्लिक थ्री या साध्या डबा कॅमेऱ्यावर, १२० च्या रोलवर घेतलेलं. त्याची लेन्स ती काय, एक भिंग! पण आजी पायरीवर एकटीच बसली आहे, आणि चेहरा सहा-सात मिलिमीटरचा. बारा पट केला आणि कपाळावरचं गोंदण दिसलं.

यात सगळं श्रेय आकाराचं नाही, हे कबूल केलं पाहिजे. तीच वीस माणसं मी चौरस निगेटिव्हवर घेतली असती, तरी आईचा चेहरा अडीच मिलिमीटरच्या पुढे गेला नसता. तीस-बत्तीस पटींत डोळे उतरले असते की नाही, मी सांगू शकत नाही. दोन पावलं पुढे जाऊन तिचा एकटीचा एक फोटो घ्यायला हवा होता. रिळात तर जागा होती.

तीन-चार रविवार मी त्या चेहऱ्यावर घालवले. कागद बदलले, प्रत लहान करत गेलो. शेवटी संपूर्ण निगेटिव्हचीच ८ बाय १० ची प्रत काढली आणि तीच भिंतीवर लावली. आई मधल्या रांगेत आहे, डावीकडून चौथी.