पडल्यावर परत येण्याची विद्या

आजचा विषय ऐकून आपल्यापैकी कित्येकांच्या कपाळास आठी पडेल. व्हिडिओ गेममध्ये चौथऱ्याबाहेर फेकल्या गेलेल्या गड्याने परत कसे यावे, हा काय नभोवाणीवरून बोलण्याचा विषय झाला, असे कोणी म्हटले तर त्यास मी दोष देणार नाही. गेल्या दिवाळीपर्यंत मीही तेच म्हटले असते.

दिवाळीच्या सुट्टीत कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारी येथे बहिणीकडे काही दिवस राहण्याचा योग आला. तिचे दोन मुलगे. थोरला कॉलेजात जातो, धाकटा तेरा वर्षांचा. शिष्यवृत्तीच्या परीक्षेत यश न आल्यापासून धाकट्याने गणिताचे पुस्तक उघडणेच सोडून दिले होते. त्याच्या आईस त्याचा घोर लागलेला. आणि हा दुपारभर दादाबरोबर खेळत बसलेला. त्यातही एक गोष्ट माझ्या नजरेत भरली. दादाने चौथऱ्याबाहेर फेकले रे फेकले, की हा हातातील कंट्रोलर चटईवर ठेवून देई. वस्तुतः त्याचा गडी तेव्हा अजून अधांतरी असे, हरलेला नसे.

हा खेळ म्हणजे ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’. जपानातील हाल लॅबोरेटरी या संस्थेत मासाहिरो साकुराई यांनी तो रचला व निन्टेन्डो कंपनीने १९९९ साली बाजारात आणला. २००१ साली त्याचा दुसरा अवतार निघाला, त्याचे नाव ‘मेले’. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ हातघाईची लढाई असा आहे. श्रोत्यांनी नावावरून अशुभ शंका घेऊ नये! इतर झुंजींच्या खेळांत गड्याची शक्ती संपली की तो पडतो. येथे तसे नाही. जितका मार अधिक बसलेला, तितका पुढचा तडाखा गड्यास दूर भिरकावतो. पडद्याच्या सीमेपलीकडे गेला तरच तो बाद. म्हणजे तडाखा आणि पराभव यांच्यामध्ये एक अवकाश असतो, आणि या खेळाची खरी विद्या त्या अवकाशात आहे.

पहिली गोष्ट तडाखा बसण्याच्या क्षणीच करावयाची. ज्या दिशेने आपण फेकले जाणार, तिच्याशी काटकोनात कंट्रोलरची दांडी दाबून धरली, तर ‘मेले’मध्ये उड्डाणाचा मार्ग जास्तीत जास्त १८ अंशांनी वळविता येतो. मार चुकत नाही, परंतु मार खाऊन कोठे जावयाचे यात आपलाही थोडा शब्द राहतो. सीमेच्या काठाशी तेवढ्यानेच गडी वाचतो.

दुसरी गोष्ट संयमाची. बहुतेक गड्यांस हवेत एक जादा उडी व तिच्या जोडीला वर झेपावण्याची एक विशेष युक्ती असते. झेप वापरल्यावर बहुतेक गडी जमिनीस टेकेपर्यंत किंवा कड पकडीपर्यंत असहाय होतात. आणि हवेतली उडी एकदा गेली की कड अथवा जमीन गाठल्यावाचून परत मिळत नाही. नवशिका घाबरून दोन्ही एकदम खर्चून टाकतो व चौथऱ्यापासून हातभर अंतरावर खाली जातो. जाणता खेळाडू प्रथम नुसता तरंगत आत सरकतो, मग उडी घेतो, आणि झेप शेवटासाठी राखून ठेवतो.

तिसरी गोष्ट अशी की परतण्याची वाट एकच ठेवू नये. प्रतिस्पर्धी काठाशी टपलेलाच असतो. ‘मेले’मध्ये कड एका वेळी एकासच धरता येते, म्हणून शत्रू आधीच तिला लोंबकळून आपली वाट अडवितो. २०१४ च्या अवतारात हा नियम बदलला व मागून येणारा आधीच्यास कडेवरून हुसकावू लागला. तरीही कधी उंचावरून, कधी खालून, कधी थोडे थांबून यावे लागतेच. काठाच्या भिंतीवर आपटण्याची वेळ आली, तर आपटण्यापूर्वीच्या सुमारे तृतीयांश सेकंदात ढालीची कळ दाबावी. गडी उसळून न जाता भिंतीशी सावरतो.

आपणांस हे परके वाटते काय? मग कबड्डीचे मैदान आठवा. चढाई करणाऱ्यास ३० सेकंद असतात. प्रतिपक्षाने घोटा धरला, कंबर धरली, चौघे अंगावर पडले, तरी दम न सोडता त्याने मध्यरेषेस बोट लाविले की धरणारे सारे बाद! धरणे हाही धोकाच असतो. स्मॅशमध्येही परतणाऱ्यास अडविण्यासाठी जो चौथरा सोडून बाहेर झेपावतो, तो स्वतःच खाली जाण्याचा संभव असतो. परतणारा केवळ भक्ष्य नसतो, हे आपले हुतुतू खेळणारे आजेपणजे पुरते जाणून होते.

या खेळात जिग्लीपफ नावाची एक गुलाबी, गोलमटोल बाहुली आहे. ती इतकी हलकी की थोड्या मारानेही दूर उडते. परंतु हवेत तिला पाच उड्या मिळतात. २०१६ साली लास व्हेगास येथील ‘इव्हो’ या मोठ्या स्पर्धेत ‘हंग्रीबॉक्स’ या नावाने खेळणाऱ्या हुआन डीबिएडमा याने तीच घेऊन ‘मेले’चे अजिंक्यपद मिळविले. जी इतकी सहज फेकली जाते, तीच परतण्यात इतकी पटाईत, यातील मर्म सुज्ञ श्रोत्यांस सांगावयास नको.

एके दुपारी मी धाकट्यास म्हटले, “हरलास तर हर, पण खाली पोहोचेपर्यंत कंट्रोलर ठेवू नकोस.” दादानेही त्या दिवशी लढाई बाजूस ठेवून त्यास परतण्याचाच सराव दिला. चौथ्या दिवशी तो अगदी तळातून वर आला व दादाची कड त्याने हिसकावून घेतली. घरात जो आरडाओरडा झाला तो आईस स्वयंपाकघरात ऐकू गेला.

रात्री तो माझ्याजवळ येऊन बसला. थोड्या वेळाने म्हणाला, “मामा, पेपरात मी पहिल्याच अवघड गणितावर सगळा वेळ घालवला. दुसरी उडी आधीच मारली.” मी काही बोललो नाही. त्याने दप्तरातून जुनी प्रश्नपत्रिका काढली व ते गणित सोडून पुढच्यास हात घातला.

श्रोतेहो, खेळाने मुलास गणित येते, असे मी म्हणत नाही; गणित गणितानेच येते. पुढील परीक्षेचा निकाल काय लागावयाचा तो लागो. परंतु आपण अजून अधांतरी आहोत, खाली पोहोचलेलो नाही, एवढे ज्यास उमगले, त्याच्या हातून कंट्रोलर, लेखणी किंवा अन्य काहीही सहसा गळून पडत नाही.