दलाल स्ट्रीटवर यंत्र आले तेव्हा

(रेडिओवरील भाषण)



मुंबईच्या फोर्ट भागात, टाउन हॉलसमोर, १८५० च्या दशकात वडाच्या झाडाखाली थोडेसे दलाल रोज जमत. बँकांचे आणि कापसाच्या प्रेसचे शेअर्स तिथे हातोहात फिरत. कचेरी नव्हती की पाटी नव्हती. एकाने भाव सांगायचा, दुसऱ्याने होकार द्यायचा, की सौदा पक्का. माणसे वाढली तशी सावली पुरेना. जागा बदलत बदलत ही मंडळी एका गल्लीत येऊन स्थिरावली आणि त्यांच्याच धंद्यावरून त्या गल्लीला दलाल स्ट्रीट हे नाव पडले. १८७५ मध्ये त्यांनी आपली संघटना उभी केली. तीच पुढे मुंबई शेअर बाजार, म्हणजे आजची बीएसई, झाली.

त्यानंतर एकशेवीस वर्षांत कंपन्या बदलल्या, राज्यकर्ते बदलले, गल्लीत फिरोज जिजीभॉय टॉवर्सची उंच इमारत उभी राहिली. पण सौदा करण्याची रीत मात्र मूळची, वडाखालचीच राहिली. तोंडाने भाव पुकारायचा आणि हाताने वहीत टिपायचा. ती रीत १९९४ नंतरच्या चार-पाच वर्षांत पूर्णपणे नाहीशी झाली. बँकांत संगणक आला, रेल्वेच्या आरक्षणात आला. पण एखादा धंदा इतक्या थोड्या काळात इतका आमूलाग्र बदलल्याचे उदाहरण आपल्या देशात क्वचितच सापडेल. धंद्यात यंत्र नेमके काय करते आणि काय करत नाही, हे या गल्लीइतके स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही.

आधी जुनी रीत जवळून पाहू. बाजाराच्या मोठ्या दालनाला 'रिंग' म्हणत. बाजार उघडला की शेकडो माणसे तिथे खांद्याला खांदा लावून उभी. वेगवेगळ्या कंपन्यांचे वेगवेगळे कोंडाळे. त्यात जॉबर, म्हणजे खरेदीचा आणि विक्रीचा असे दोन्ही भाव सांगून उभा राहणारा माणूस. दलालाची माणसे ओरडून, हातवारे करून त्याला विचारणार, तो त्याच गलक्यात उत्तर देणार. सौदा झाला की दोघे आपापल्या छोट्या वहीत पेन्सिलीने नोंद करणार आणि पुढच्या कोंडाळ्याकडे धावणार. दोन्ही वह्यांतल्या नोंदी जुळतात की नाही, हे बाजार संपल्यावर कळायचे. जुळल्या नाहीत तर वाद. बहुतेक वाद मिटतही, कारण शब्द फिरवणाऱ्याला रिंगमध्ये पुन्हा कोणी उभे करत नसे. आतल्या माणसांचा एकमेकांवरचा हा विश्वास खरा होता, हे मान्य केलेच पाहिजे.

प्रश्न होता बाहेरच्या माणसाचा.

समजा, सांगलीतल्या एखाद्या शिक्षकाला १९९० साली आपले शंभर शेअर्स विकायचे होते. तो गावातल्या सब-ब्रोकरकडे जाई. सब-ब्रोकर मुंबईला फोन लावी. मुंबईचा दलाल रिंगमध्ये सौदा करी आणि भाव कळवी. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात त्या शेअरचा दिवसभरातला सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा भाव छापून येई. आपले शेअर्स त्या दोहोंमधल्या कोणत्या भावाला विकले गेले? दलाल सांगेल त्या. शेअर प्रत्यक्ष २१० रुपयांना विकून शिक्षकाला २०५ सांगितले, तर त्याला ते कळण्याचा कोणताही मार्ग नव्हता. पुष्कळ दलाल सचोटीने वागत, हेही खरे. पण ती सचोटी पडताळून पाहण्याची सोय नव्हती.

त्यानंतर कागदांचा फेरा. शेअर म्हणजे छापील प्रमाणपत्र. त्याला ट्रान्स्फर डीड नावाचा फॉर्म जोडायचा, त्यावर सही करायची, साक्षीदाराची सही घ्यायची. घेणाऱ्याने शंभर रुपयांमागे पन्नास पैसे या दराने तिकिटे चिकटवायची आणि सगळे बाड कंपनीकडे पाठवायचे. कंपनी आपल्याकडच्या नमुना सहीशी ही सही ताडून पाहणार. वीस वर्षांपूर्वीची सही आणि आजची सही यांत फरक पडला की कागद परत. याला बाजारात 'बॅड डिलिव्हरी' म्हणत. नव्या मालकाच्या नावाने प्रमाणपत्र परत द्यायला कायद्यानेच कंपनीला दोन महिने दिलेले होते. तेवढ्यात टपालात गहाळ झाले, कोणी चोरले, कोणी बनावट छापले, तर निस्तरायला वर्षे जात. शिवाय व्यवहार पन्नास किंवा शंभर शेअर्सच्या गठ्ठ्याने होत. बोनसचे सात-आठ शेअर्स हाती आले तर ते विकताना भाव पाडूनच घ्यावा लागे.

हे सगळे दोष जाणत्यांना ठाऊक होते. १९९१ मध्ये फेरवानी समितीने देशव्यापी, संगणकावर चालणाऱ्या नव्या शेअर बाजाराची शिफारसही केली होती. पण धक्का बसला तो १९९२ च्या रोखे घोटाळ्याने. हा घोटाळा मुळात बँकांमधला. सरकारी रोख्यांच्या बदल्यात बँका एकमेकींना कागदी पावत्या देत आणि मूळ नोंदी हाताने लिहिलेल्या वह्यांत, दिवसचे दिवस मागे पडलेल्या असत. त्या उशिराचा फायदा घेऊन, पाठीशी रोखे नसलेल्या पावत्यांवर पैसा उचलला गेला आणि तो शेअर बाजारात ओतला गेला. जानकीरामन समितीने या गैरव्यवहाराचा आकडा सुमारे ४,००० कोटी रुपये काढला. त्याच वर्षी शेअर बाजारांवर देखरेख ठेवणाऱ्या सेबीला कायद्याचे अधिकार मिळाले आणि नोव्हेंबरमध्ये राष्ट्रीय शेअर बाजार, म्हणजे एनएसई, या कंपनीची नोंदणी झाली. आयडीबीआयसारख्या वित्तसंस्था तिच्या मागे उभ्या होत्या. पहिले व्यवस्थापकीय संचालक अर्थतज्ज्ञ डॉ. आर. एच. पाटील.

३ नोव्हेंबर १९९४ रोजी एनएसईवर शेअर्सचे व्यवहार सुरू झाले. या बाजाराला रिंगच नव्हती. दलालाने आपल्या कचेरीत संगणकासमोर बसून ऑर्डर टाकायची. टेलिफोनच्या तारांचा भरवसा नव्हता, म्हणून दलालांच्या गच्चीवर उपग्रहाशी जोडणाऱ्या तबकड्या बसवल्या गेल्या.

यंत्राचा नियम साधा होता. जो जास्त भाव द्यायला तयार त्याची खरेदी आधी, जो कमी भावाला विकायला तयार त्याची विक्री आधी. आणि भाव सारखाच असेल तर ज्याची ऑर्डर आधी आली तो आधी. प्रत्येक ऑर्डरला क्रमांक आणि वेळ. समोर कोण आहे, हे कोणालाच दिसत नाही. सांगलीच्या शिक्षकाला आता आपल्या करारपत्रावर सौद्याचा क्रमांक, वेळ आणि भाव छापून मिळू लागला. नव्वदच्या २१० चे २०५ सांगण्याची वाट तिथेच बंद झाली.

दलाल स्ट्रीटला हे परवडणारे नव्हते. चारच महिन्यांत, १४ मार्च १९९५ रोजी, बीएसईने 'बोल्ट' ही आपली संगणकीय पद्धत सुरू केली. रिंगमधला गलका थांबला. तरीही ऑक्टोबर १९९५ मध्ये, म्हणजे सुरू झाल्यापासून वर्षभरातच, एनएसईने उलाढालीत एकशेवीस वर्षांच्या बीएसईला मागे टाकले.

सौदा क्षणात होऊ लागला, पण कागद तेवढेच राहिले. उलट उलाढाल वाढल्याने गठ्ठे वाढले. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. पुढच्या खिडकीवर संगणक ठेवून मागच्या खोलीत रजिस्टर तसेच ठेवले तर अडचण फक्त मागे सरकते. मागची खोली बदलायला कायदा लागला. १९९६ मध्ये डिपॉझिटरी कायदा झाला. डिपॉझिटरी म्हणजे शेअर्सच्या मालकीची नोंद संगणकावर ठेवणारी संस्था. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एनएसडीएल ही अशी पहिली संस्था सुरू झाली आणि १९९९ मध्ये सीडीएसएल. शेअर आता बँकेतल्या शिलकेसारखा, खात्यातली नोंद झाला. हेच ते डिमॅट. सही ताडणे संपले, टपाल संपले, गठ्ठा संपला. एक शेअर घेता येऊ लागला, एक विकता येऊ लागला. एनएसडीएलची कचेरी अनेक वर्षे लोअर परळच्या कमला मिलच्या आवारात होती. एकेकाळी जिथे सूत निघत असे, तिथे देशभरातल्या शेअर्सच्या मालकीची नोंद ठेवली जात होती.

या बदलाची किंमतही मोजावी लागली. रिंगमधल्या जॉबरचे काम गेले. तोंडी हिशेब आणि माणसे ओळखण्याची नजर हीच त्याची विद्या, आणि पडद्याला तिची गरज नव्हती. कागद मोजणारे, शिक्के मारणारे, गठ्ठे पोचवणारे यांचेही तेच झाले. गावोगावचे बाजारही ओस पडले. पुण्याचा शेअर बाजार १९८२ मध्ये मोठ्या उमेदीने सुरू झाला होता. पण मुंबईचाच भाव पुण्यातल्या पडद्यावर दिसू लागल्यावर वेगळ्या बाजाराचे प्रयोजन उरले नाही. २०१५ मध्ये तो अधिकृतपणे बंद झाला. यात कोणाचा दोष नव्हता. पण या माणसांसाठी नव्या कामाची सोयही कोणी मनावर घेऊन केली नाही, ही उणीव नोंदवायलाच हवी.

पैसे आणि शेअर्स हाती पडण्याचा काळ मात्र झपाट्याने आटला. पूर्वी पंधरवड्याचे, मग आठवड्याचे हिशेब असत. २००३ मध्ये सौद्यानंतर दोन दिवसांत आणि २७ जानेवारी २०२३ पासून सगळ्या शेअर्ससाठी एका दिवसात व्यवहार पुरा होऊ लागला. अमेरिकेचा बाजार या टप्प्यावर मे २०२४ मध्ये, आपल्यानंतर, आला. ऑगस्ट २०२२ मध्ये देशातल्या डिमॅट खात्यांनी दहा कोटींचा आकडा ओलांडला.

श्रोतेहो, इथपर्यंतची गोष्ट यंत्राने आणलेल्या पारदर्शकतेची आहे. यापुढची गोष्ट वेगाची, आणि ती सावधपणे ऐकावी अशी आहे.

२००८ मध्ये सेबीने मोठ्या गुंतवणूक संस्थांना दलालाच्या हस्तक्षेपाशिवाय थेट बाजाराच्या यंत्रणेत ऑर्डर टाकायला परवानगी दिली. त्यापाठोपाठ संगणकानेच निर्णय घ्यायचा आणि संगणकानेच ऑर्डर टाकायची, ही रीत रुळली. तिला 'अल्गो ट्रेडिंग' म्हणतात. बाजाराच्या संगणकाशेजारीच आपला संगणक ठेवायला कंपन्या भाडे मोजू लागल्या, कारण तारेची लांबी कमी झाली की सेकंदाचा सूक्ष्म अंश वाचतो. अशा वेगात चूकही तितकीच वेगाने पसरते. ५ ऑक्टोबर २०१२ रोजी एका दलाली संस्थेकडून ५९ चुकीच्या ऑर्डर गेल्या. रक्कम ६५० कोटींहून अधिक. बघता बघता एनएसईचा निर्देशांक निफ्टी सुमारे ९०० अंशांनी कोसळला आणि बाजार काही काळ थांबवावा लागला. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी दूरसंचार जोडणीतल्या बिघाडामुळे एनएसईचे व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी बंद पडले, ते दुपारी पावणेचारला सुरू झाले. रिंगच्या काळात गलका होता, पण एका तारेवर सारा देश टांगलेला नव्हता.

याहून गंभीर आकडा सप्टेंबर २०२४ मधला आहे. फ्युचर्स आणि ऑप्शन्स, म्हणजे पुढच्या तारखेच्या भावावर आज केलेले करार, यांच्या व्यवहारांचा तीन आर्थिक वर्षांचा अभ्यास सेबीने प्रसिद्ध केला. त्यात वैयक्तिक व्यवहार करणाऱ्या शंभरांपैकी ९३ जणांना तोटा झाला होता. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून जास्त. आणि २०२३-२४ मध्ये फायदा कोणाचा? परदेशी गुंतवणूक संस्थांचा आणि स्वतःच्या पैशाने व्यवहार करणाऱ्या दलाली कंपन्यांचा; त्यांच्या नफ्यापैकी ९५ टक्क्यांहून जास्त वाटा अल्गोच्या जोरावर मिळवलेला. म्हणजे मोबाइलवर बोट सरकवत बसलेला तालुक्यातला तरुण ज्याच्याशी खेळतो आहे, तो माणूस नाहीच. ते बाजाराच्या शेजारच्या खोलीत ठेवलेले यंत्र आहे. नोव्हेंबर २०२४ पासून सेबीने यांतल्या निर्देशांकावरच्या करारांचा किमान आकार वाढवून तो १५ लाख रुपयांवर नेला, तो याच कारणाने.

तेव्हा या तीस वर्षांचा निवाडा द्यायचा झाला तर तो असा: यंत्राने सामान्य गुंतवणूकदाराला खरा भाव दिला, मालकीची निर्वेध नोंद दिली, दूरच्या गावालाही मुंबईच्या बरोबरीने बसवले. ही मोठी कमाई आहे आणि ती त्याने पुरेपूर वापरावी. वेग मात्र त्याच्यासाठी आलेला नाही. त्या शर्यतीत त्याने उतरू नये.

आणि वापरावी म्हणजे काय? डिमॅट खात्याचे एकत्रित विवरणपत्र येते, ते उघडून वाचावे. सौदा झाल्याचा संदेश येतो, तो न पाहता पुसू नये. खात्याचा पिन आणि ओटीपी, कितीही ओळखीचा माणूस असो, कोणाच्या हाती देऊ नये. तक्रार असेल तर ती सेबीच्या 'स्कोअर्स' या संकेतस्थळावर घरबसल्या नोंदवता येते.

आणखी एक. सांगलीच्या त्या शिक्षकासारख्या कितीतरी घरांत आजही जुन्या ट्रंकेत, फायलीत, देवघराच्या खणात वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावाची छापील प्रमाणपत्रे पडून आहेत. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर्स विकून दुसऱ्याच्या नावे करता येत नाहीत. आधी ते डिमॅट करावे लागतात. सलग सात वर्षे लाभांश कोणी घेतला नसेल तर ते शेअर्स केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीकडे जमा होतात. तिथूनही हक्काचे कागद जोडून, अर्ज करून ते परत मिळवता येतात. या रविवारी ती ट्रंक एकदा उघडून पाहा.