धुरातले दोघे



ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या आम्हां कामगारांना धूर कसा कोंडतो हे सांगावे लागत नाही. २६ फेब्रुवारी २०१४ रोजी मुंबईजवळच्या समुद्रात ‘सिंधुरत्न’ पाणबुडीत बॅटऱ्यांच्या तारा पेटून असाच धूर कोंडला. लेफ्टनंट कमांडर कपिश मुवाल व लेफ्टनंट मनोरंजन कुमार यांनी सहकाऱ्यांना बाहेर काढले. स्वतः मात्र ते आतच राहिले. दोघांना मरणोत्तर शौर्यचक्र मिळाले. ऑगस्ट २०१३ मध्ये ‘सिंधुरक्षक’वर १८ जण गेले होतेच. नौदलप्रमुख ॲडमिरल जोशींनी त्याच दिवशी राजीनामा दिला. आमच्या लेखी मृतांचा तोही एक सन्मान. आमच्याकडे कामगार गुदमरला तर मालक दारापर्यंत येत नाही, राजीनाम्याची गोष्टच सोडा! म्हणून शोकसभेत हार घालण्याआधी आम्ही विचारतो : तारा शेवटच्या कोणी तपासल्या होत्या?